बाराची घंटा

गादीवाल्याला झोप नव्हती. ही काही थट्टा नाही, आणि असलीच तर ती त्यानं स्वतःच सगळ्यांच्या आधी करून घेतली होती. चाळीस वर्षं माणसानं दुसऱ्यांच्या पाठीखाली घालायला गाद्या शिवल्या, कापूस पिंजून पिंजून छातीचं खोकं करून घेतलं, आणि उतारवयात त्याच माणसाला सलग दोन तास पाठ टेकायला मिळू नये! कुणी रस्त्यात विचारलं, "काय गादीवाले, कसं चाललंय?" तर तो म्हणायचा, "चाललंय की, दोन-दोन तासांनी."

दोन तासांचा हिशोब असा होता. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको इस्त्री करता करता खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. उजवं अंग लुळं पडलं. दुखणं मात्र त्या अंगाला जसंच्या तसं राहिलं, हा खास अन्याय. रुग्णालयात तिला आठवडाभर एकाच कुशीवर पडू दिलं, आणि घरी आणलं तेव्हा उजव्या कुल्ह्यावर मूठ जाईल एवढी जखम होती. डॉक्टर म्हणाले, "दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसा, रात्री, सणावाराला, तुम्हाला ताप असला तरी. जखम पुन्हा चिघळली तर यांच्या अंगात आता ताकद नाही." बस्स, एवढंच म्हणाले आणि पुढच्या रोग्याकडे वळले. गादीवाला बिचारा आपला "हो हो" करत मान हलवत राहिला.

पण त्यानं केलं हो! मालकाला सांगून दुकान सोडलं, उशा आणि तक्क्यांचं शिवणकाम घरी आणलं. तिच्यासाठी गादी केली ती तर अशी, की तसली गादी त्यानं कुठल्या बड्या गिऱ्हाइकालाही कधी करून दिली नसेल. सात तुकड्यांची. माणसाचं वजन कुठं कुठं पडतं, ते त्याच्या बोटांना पाठ होतं: डोकं, खांदा, कुल्हा, टाच. जिथं वजन पडेल तिथला तुकडा काढून घ्यायचा, कापूस मोकळा करायचा, परत घालायचा. उजव्या कुल्ह्याखाली त्यानं खळगाच ठेवला होता, जखमेला काहीच टेकू नये म्हणून. दर बुधवारी पट्टी बदलायला येणारी नर्सबाई ती गादी बघून म्हणाली, "काका, हे आमच्याकडे का नाही हो करत कुणी?" त्यावर त्याला आठवडाभर पुरेल एवढा आनंद झाला.

दीड वर्ष लागलं. मुठीएवढी जखम लिंबाएवढी झाली, मग नाण्याएवढी, मग एके बुधवारी नर्सबाईनं पट्टी काढली आणि नवी लावलीच नाही. वर गुलाबी पातळ कातडी धरली होती. "पण फार जपा हं," ती म्हणाली. "ही कातडी म्हणजे ओला कागद आहे. आता डावी बाजू लाल दिसायला लागलीय, तिला थोडी मोकळीक द्या. उजव्या कुशीवर ठेवा, पण तासभर. फार फार तर दोन तास. त्याच्या वर एक मिनिट नाही."

आता तिच्या बोलण्याविषयी सांगायला हवं. बोलणं म्हणजे काय, उरलं तरी काय होतं? ही बाई पूर्वी दर रविवारी ख्रिस्ती देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेनंतर लहान पोरांना शास्त्र शिकवायची. आवाज असा, की मागच्या बाकावर चुळबुळ करणारं पोर तिच्या एका "हं?"नं सरळ बसायचं. आजारपणानं तिचे सगळे शब्द नेले आणि फक्त प्रार्थना ठेवल्या. म्हणजे बघा, पूर्ण प्रार्थना सुरुवातीपासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणायची, आणि पाणी मागता यायचं नाही! नवऱ्याचं नाव घेता यायचं नाही. एरवीच्या सगळ्या व्यवहाराला एकच शब्द: आमेन.

"चहा टाकू?"

"आमेन."

"पंखा लावू का?"

"आमेन!" म्हणजे अहो, गारठलेय मी, कळत कसं नाही तुम्हाला.

गादीवाल्याला या आमेनचे अकरा प्रकार ओळखता यायचे. त्यानं एकदा बोटांवर मोजले होते. तहानेचं वेगळं, लाजेचं वेगळं, शेजारणीला कंटाळल्याचं वेगळं. कूस बदलायची असली की ती दोन आमेन जोडून म्हणायची, आणि दुसरं किंचित वर चढलेलं असायचं. आमेन-आमेन. गाढ झोपेत सुद्धा ते कानावर पडलं की गादीवाला उठून बसलेला असायचा, डोळे उघडायच्या आधी.

आणि या माणसाला येणारे-जाणारे काय सांगायचे? तर विश्रांती घ्या. डॉक्टर म्हणायचे विश्रांती घ्या. मेहुणा फोनवर तासभर स्वतःचं दुखणं सांगून शेवटी म्हणायचा, "भावजी, विश्रांती घ्या हं." सगळे उंटावरचे शहाणे! कूस बदलायला कोण येणार, ते कुणी सांगायचं नाही. देवळाचे पाळकसाहेब मात्र मनाचे खरोखर चांगले होते. महिन्यातून दोनदा जिने चढून यायचे, तिच्या उशाशी बसून प्रार्थना करायचे. एकदा जाता जाता गादीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं ओझं प्रभूच्या पायाशी ठेवून बघा."

"ओझं नाही साहेब, बायको आहे," गादीवाला म्हणाला. "आणि ठेवली तरी दोन तासांनी उचलावी लागते."

पाळकसाहेबांना हसावं की काय करावं ते कळेना. ती पलंगावरून म्हणाली, "आमेन," आणि ते आमेन हसण्याचं होतं.

गादीवाला तसा नास्तिक नव्हता. पण देवाधर्माचं खातं त्यानं लग्न झाल्यापासून तिच्याकडे दिलेलं होतं, जसं तिनं घरातली खिळे-हातोडी त्याच्याकडे दिली होती. ती पुढे बसून गायची, तो मागे खांबाजवळ बसून तिची वाट बघायचा. ती आडवी पडल्यापासून तर त्यानं तिकडे पाऊलच टाकलं नव्हतं. देऊळ दोन गल्ल्या पलीकडे. रविवारी त्याची घंटा दोनदा वाजायची, पावणेदहाला सकाळच्या उपासनेची आणि बरोब्बर बाराला दुसरीची. घंटा ओढायची एक बाई. झाडलोटही तीच करायची. एकोणीस वर्षांत तिची एक घंटा चुकली नव्हती. तापानं फणफणली होती तेव्हा नळ दुरुस्त करणाऱ्या दिराच्या खांद्यावर बसून येऊन तिनं दोरी ओढली होती, असं लोक सांगत. अख्खी वस्ती त्या घंटेवर घड्याळ लावायची. आणि दर रविवारी पावणेदहाची घंटा झाली, की गादीवाल्याची बायको डावा हात उचलून खुंटीवरच्या त्याच्या सदऱ्याकडे दाखवायची आणि मग दाराकडे. दोन वर्षं तिनं दाखवलं, आणि दोन वर्षं त्यानं दिसलं नाही असं दाखवलं.

त्या रविवारी तिनं हट्टच धरला. सकाळी चहा पाजायला गेला तर तोंड गच्च मिटून घेतलं. दूध नको, बिस्कीट नको. डोळे सदऱ्यावर.

"अगं, तुला एकटीला टाकून जाऊ?"

तोंड मिटलेलंच.

"बरं बाई, जातो! एक तास जातो. मग पिशील?"

"आमेन," ती म्हणाली, आणि घटाघटा चहा प्यायली. जिंकली ना!

शेजारच्या खोलीत एक मावशी राहायच्या. सत्तरी उलटलेल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान मात्र शाबूत. त्यांना बोलावून त्यानं तिच्या पलंगाशी खुर्ची दिली. नर्सबाईनं सांगितलं होतं म्हणून निघताना दहाला तिला उजव्या कुशीवर वळवलं, गादीचा खळगा नीट आहे ना ते हात घालून बघितलं, डावा हात उशीवर मोकळा ठेवला.

"मावशी, उपासना सव्वाअकराला सुटते. साडेअकराच्या आत मी येतोच. पण समजा आलो नाही..."

"न यायला काय झालं? देवळात जातोयस, लढाईवर नाही."

"ऐका तर. समजा नाही आलो, तर बाराच्या घंटेला खाली शिंप्याला हाक मारा. त्याला माहीत आहे कसं वळवायचं. मी त्याला सांगून जातो. बाराची घंटा, विसरू नका."

"अरे बाबा, घड्याळ दिसत नसलं तरी घंटा ऐकू येते मला," मावशी म्हणाल्या. "जा तू."

तो शिंप्यालाही सांगून गेला. म्हणजे बघा, माणसानं किती जपावं!

देवळात तो आपल्या जुन्या जागी, खांबाजवळच्या शेवटच्या बाकावर बसला. त्याला बघून माणसांच्या माना वळल्या. कुणी हात दाबला, कुणी नुसतं मान हलवून हसलं. घंटेवाली तर दोरीपाशी उभी होती तिथूनच पदरानं डोळे पुसायला लागली. गादीवाल्याला अवघडल्यासारखं झालं. त्यानं बाकावर हात फिरवून लाकूड तपासलं. साधं उघडं लाकूड, अंगावर एक पातळ चादर सुद्धा नाही. आयुष्यभर त्याच्या मनात होतं की या बाकांना गाद्या करून द्याव्यात, राहूनच गेलं.

उपदेश नेमका विश्रांतीवरच होता. पाळकसाहेब म्हणत होते, की दमलेल्या माणसाला प्रभू आधी कामाचा जाब विचारत नाही, आधी बसायला सांगतो. म्हणत होते, की तो झोपत नाही म्हणून तर आपल्याला झोपता येतं. गादीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. झोपत नाही, कबूल. पण मग रात्री तीनला मी उठतो तेव्हा तो काय करतो? त्यानं एकदा तरी तिची कूस बदलली? एकदा तरी टाचेखाली हात घातला? असं तो मनातल्या मनात भांडत होता, आणि भांडता भांडता त्याच्या लक्षात आलं की दोन वर्षांत आपण कुणाशी तरी पहिल्यांदाच मोकळेपणानं भांडतोय. त्या भांडणानंच तो सैल पडला. मग पुढचं गीत सुरू झालं. ती म्हणायची तेच. पुढच्या बाकावर तिची जागा कुणी घेतली नव्हती, तेवढी जागा मोकळी सोडून माणसं बसली होती. ते बघून त्याला भरून आलं.

"बरं," तो मनात म्हणाला. "बरं बाबा. एक तास तू बघ तिच्याकडे."

एवढंच. ही त्याची प्रार्थना. इतक्या वर्षांतली स्वतःच्या मनानं केलेली पहिली. आणि ती करून त्यानं खांबाला डोकं टेकलं, तोच त्याचा डोळा लागला.

काय सांगायची ती झोप! स्वप्न नाही, दचकणं नाही, कानाचा पहारा नाही. चाळीस वर्षं कापसात हात घालणाऱ्या माणसाला झोप मिळाली ती उघड्या लाकडावर, आणि अशी मिळाली की लहानपणी आईच्या मांडीवर लागायची तशी. तो पुढे कितीतरी वेळा स्वतःशी म्हणाला, की ती विश्रांती खोटी नव्हती. ती खरीच होती. कुणीतरी खरोखर आपल्या हातातून सगळं काढून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, नीज.

जाग आली तेव्हा देऊळ रिकामं होतं. त्याच्या पायांवर कुणाची तरी शाल होती, डोक्याखाली कुणीतरी कोट घडी करून ठेवला होता. खिडकीतलं ऊन बाकांच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं. घंटेवाली दारात स्टूल टाकून राखण करत बसली होती. त्याला हललेला बघून ती ओठांवर बोट ठेवतच उठली, मग तिचं तिलाच हसू आलं.

"उठलात? अहो, झोपायचं होतं की अजून!"

"किती वाजले?"

"पावणेदोन होतील. आणि ऐका तर गंमत! बाराची घंटा मी वाजवलीच नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. पाळकसाहेबांना सरळ सांगितलं, तुम्ही मला कामावरून काढा, पण मी दोरीला हात लावायची नाही, हा माणूस दोन वर्षांनी झोपलाय. तर ते म्हणाले, बाई, माझ्या मनातलं बोललात. दुसरी उपासना मागच्या खोलीत घेतली. पेटी नाही, गाणं नाही, माणसं चपला हातात घेऊन गेली! तुम्हाला जाग येऊ नये म्हणून सगळी..."

पुढचं त्यानं ऐकलं नाही. शाल तशीच पायात अडकलेली, तो धावत सुटला. साठीचा माणूस, छातीचं खोकं झालेलं. दोन गल्ल्या त्याला दोन कोसांच्या झाल्या.

शिंपी खाली मशीनवर वाकलेला होता. "मला काही कुणी हाक मारली नाही, म्हणून म्हटलं तुम्ही आला असाल," तो म्हणाला. गादीवाला एकेक पायरी सोडून वर चढला.

मावशी खुर्चीत तशाच बसल्या होत्या, तिचा हात हातात घेऊन. "आलास का?" त्या आनंदानं म्हणाल्या. "आज सकाळ काय लांबलीय रे! बाराची घंटा अजून व्हायचीय, आणि मला भूक लागली. पण हिची आज काय ती भक्ती, ऐकत राहावं! मघापासून सारखी प्रार्थना चाललीय. दोन-दोनदा म्हणायची, आमेन-आमेन, आमेन-आमेन. शेवटी शेवटी तर रडत होती बघ. मीही म्हटलं, आमेन गं बाई, आमेन. ऐकेल हो तो."

गादीवाल्याचे हात आधी पुढे झाले. त्यानं तिला वळवलं. जवळजवळ चार तास एका कुशीवर पडलेल्या बाईला वळवताना तिच्या तोंडून जो आवाज आला तो आमेन नव्हता. खाली गादीच्या खोळीवर ओला डाग होता. गुलाबी कातडी चादरीला चिकटून राहिली होती.

त्यानं मावशींना काही सांगितलं नाही. "तुम्ही जाऊन जेवा, मावशी," एवढंच म्हणाला. दार लावून घेतलं, पाणी कोमट केलं, जखम धुतली. आणि मग तिच्या उशाशी गुडघ्यांवर बसून, लहान पोरानं चोरी कबूल करावी तसा म्हणाला, "मी झोपलो गं. तू तिकडे पाठवलंस आणि मी झोपलो. तू इथं मला हाका मारत होतीस आणि मी झोपलो होतो."

तिचे डोळे रडून सुजले होते. मग तिनं डावा हात उचलला आणि त्याच्या तोंडावरून फिरवला. डोळ्यांखालच्या काळ्या पिशव्यांवर थांबून तिथं बोटानं चाचपून बघितलं, भाजी निवडताना बघतात तसं. कितीतरी महिन्यांनी त्याच्या डोळ्यांतली जागरणाची लाली गेलेली दिसत असावी.

"आमेन," ती म्हणाली.

हे त्याच्या अकरांमध्ये नव्हतं. रागाचं नव्हतं, दुःखाचंही नव्हतं. तिच्या अंगात त्या वेळी किती वेदना असतील, आणि तरी ते चक्क समाधानाचं होतं. पोराला पोटभर जेवलेलं बघून आई म्हणेल तसं. गादीवाल्याला ते सोसलं नाही. तिनं रागावलं असतं, तोंड फिरवलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. तिच्या चादरीत तोंड खुपसून तो ढसाढसा रडला.

सोमवारी सकाळी तो देवळात गेला, तो भांडायलाच. शाल परत करायचं निमित्त होतं. काय काय बोलायचं ते जिन्यावरच जुळवून ठेवलं होतं: बाई, तुम्हाला कुणी सांगितलं होतं? एकोणीस वर्षांत एक घंटा चुकवायची होती, ती माझीच? घंटेवाली झाडत होती. त्याला बघितल्याबरोबर झाडू टाकून धावत आली. तिचं तोंड आनंदानं नुसतं फुललं होतं.

"मी घरी सगळ्यांना सांगितलं," ती म्हणाली. "माझ्यासारखीच्या हातून देवाचं काम ते काय होणार? दोरी ओढायची आणि कचरा काढायचा. पण काल वाटलं, आज आपल्या हातून एक चांगलं काम झालं. लागली ना हो झोप? छान लागली ना?"

गादीवाल्यानं तोंड उघडलं. ते सगळं जुळवलेलं ओठांवर होतं. तिच्या हातांना दोरीचे घट्टे पडलेले होते, ते त्यानं बघितले.

"हो," तो म्हणाला. "छान लागली."

शाल तिच्या हातात दिली आणि परत आला. मावशींना त्यानं सांगितलं नाही, शिंप्याला नाही, पाळकसाहेबांना तर नाहीच. नर्सबाईला बुधवारी म्हणाला, "माझ्याकडून चुकलं, मी झोपून राहिलो." तिनं जखम बघितली, धुतली, पट्टी लावली. जाताना दारात थांबून म्हणाली, "काका, तुम्ही तरी किती करणार?" म्हणजे त्याला कळायचं ते कळलं.

जखम आत आत गेली. ताप यायला लागला, उतरायचा, परत यायचा. गादीवाल्यानं दोनाचे दीड तास केले, दीडाचा तास केला. आता कूस बदलण्यात काही अर्थ उरला नव्हता, पण हातांना दुसरं काही येत नव्हतं. रात्रंदिवस तो एकच गोष्ट विचारायचा, छताकडे बघून, आवाज न करता. तू बघत होतास ना? मी तुझ्यावर सोपवून झोपलो होतो. एकच तास मागितला होता. की ती झोप तुझी नव्हतीच, त्या बाईची होती? छतानं काही सांगितलं नाही. ती मात्र जागी असली की हळूहळू प्रार्थना म्हणायची, आणि तिचा दम मध्येच तुटला की उरलेली त्यानं पुरी करायची, असं होऊन बसलं. आयुष्यभर ज्याला ओठ हलवायचा कंटाळा, त्याला ती शेवटी पाठ झाली. त्यातून त्याला काही मिळालं म्हणावं, तर तेही नाही. पण ती म्हणत असे तोवर खोलीत काहीतरी धरून ठेवल्यासारखं वाटायचं, एवढं खरं.

सातव्या आठवड्यात, दुपारच्या चारच्या सुमारास, तो तिला डावीकडे वळवत असतानाच ती गेली. त्याच्या हातांना ते आधी कळलं. वजन बदललं.

शवपेटी करायला आलेल्या सुताराला त्यानं सांगितलं, आतली गादी मी करणार. सुतार म्हणाला, "अहो काका, आता कशाला? आत एक चादर पुरते." गादीवाल्यानं बसून कापूस मोकळा केला, खोळ शिवली, दाभणानं एकेक टाका घातला. गादी पेटीत अंथरली तेव्हा सुतारानं वाकून बघितलं. खांद्याला कापूस कमी, टाचेला कमी, आणि उजव्या कुल्ह्याखाली खळगा. सुतार भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरायला लागला.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब चांगलं बोलले. म्हणाले, की आमच्या या बहिणीला आता खरी विश्रांती मिळाली आहे; आणि आमच्या या भावालाही प्रभूनं आपल्या घरात एकदा कशी विश्रांती दिली होती, ते आपण सगळ्यांनी बघितलं. माणसांनी माना डोलावल्या. सगळ्यांना ती आठवण प्रिय होती. मावशी गादीवाल्याचा हात धरून बसल्या होत्या. त्या कानाशी लागून म्हणाल्या, "शेवटपर्यंत देवाचं नाव होतं हो तिच्या तोंडी. मी ऐकलंय ना." गादीवाल्यानं त्यांचा हात थोपटला.

आता त्याला कुणी उठवत नाही. सबंध रात्र मोकळी असते. दर दोन तासांनी तो उठून बसतो, सात तुकड्यांच्या गादीवर हात फिरवतो आणि परत आडवा होतो. येणारे-जाणारे म्हणतात, "आता तरी विश्रांती घ्या."

रविवारी तो देवळात जातो. कशासाठी, ते त्याला नीट सांगता यायचं नाही. तिनं सदऱ्याकडे बोट दाखवलं होतं म्हणून, असं म्हणू या. खांबाजवळच्या त्याच बाकावर बसतो. सकाळची उपासना सुटून इतर गेले तरी तो बसून राहतो, दुसरी सुरू होईपर्यंत. प्रार्थना म्हणतो, ती पुरी करतो, कारण अर्धी टाकायची त्याला आता सवय नाही. डोकं खांबाला टेकवतो. डोळे मात्र मिटत नाही.

परवा बाराला दोन मिनिटं कमी असताना घंटेवाली दोरीपाशी गेली. हात वर नेला, थांबली, आणि मागे वळून पाहिलं. हा म्हातारा खांबाला टेकून बसलेला, चेहरा ओढलेला. तिला कणव आली. हळूच जवळ येऊन वाकून म्हणाली, "दमलेले दिसता. पडा जरा. नाही वाजवत मी आज."

गादीवाला ताडकन उठून उभा राहिला.

"वाजवा बाई," तो म्हणाला. "जोरात वाजवा."